वगळलेली माणसं

लेफ्कोनेरीला मासे फारसे दिसत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. दिसतं ते पाणी. क्रीट बेटाच्या दक्षिण अंगाला दोन उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधे समुद्राचा एवढासा तुकडा आत शिरला आहे, आणि त्याचा तळ वरून सरळ दिसतो. होडीची सावली होडीपासून लांब, खाली वाळूवर पडलेली असते. आम्ही वेंगुर्ल्याची माणसं. आमचा समुद्र मातकट. त्याच्या पोटात काय आहे याचा पत्ता तो कोणाला लागू देत नाही. पहिल्या दिवशी हे पाणी बघून आई म्हणाली, "ह्या काय गो? ह्यो समुद्र मा? विहिरीसारखो दिसता."

पाणी इतकं नितळ असण्याचं कारण फार कौतुकाचं नाही. हा समुद्र उपाशी आहे. त्यात नद्यांचा गाळ कमी येतो, त्यामुळे पाण्यावर तरंगणारे बारीक जीव कमी, त्यामुळे ऊन खोलवर जातं. गेल्या काही वर्षांत पाणी तापलं, तसे उरलेसुरले मासेही खोल निघून गेले. तरी पर्यटक येतात, कारण इथे मासे दाखवत नाहीत. कोण येऊन गेलं ते सांगतात.

ते सांगणारं यंत्र स्नॉर्केलच्या, म्हणजे तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायच्या नळीच्या, मास्कला कडेला बसवलेलं असतं, काडेपेटीएवढं. त्याचं ग्रीक नाव मला उच्चारता येईना, म्हणून मी त्याला हुंगणी म्हणायला लागले. पाण्यातून जाणारा प्रत्येक जीव आपलं काहीतरी मागे ठेवतो. खवल्याचा कण, कातडीच्या पेशी, आणखीही काय काय. त्यात त्याचा डीएनए असतो. ऊन आणि खारं पाणी मिळून तो दिवस-दोन दिवसांत संपवतात, पण तोवर तो तिथे असतो. हुंगणी पाणी ओढून घेते, त्यातले डीएनएचे तुकडे वाचते आणि कानात सांगते, की इथून काल एक ऑक्टोपस गेला, आज पहाटे एक सील येऊन गेला. मराठीतही सांगते, बातम्या दिल्यासारखं.

माणसांबद्दल मात्र ती बोलत नाही. कायदाच तसा आहे. कोण कोणाबरोबर पोहून गेलं हे असं कळायला लागलं असतं, तर निम्म्या युरोपाचे संसार मोडले असते. परक्या माणसाचा तुकडा आला की हुंगणी तो न वाचता टाकून देते. फक्त वापरणाऱ्याची आणि त्याच्या जवळच्या नात्यातल्यांची दखल ती घेते, कारण त्यांचाच डीएनए मास्कभोवती सगळ्यात दाट असतो आणि तो वजा केल्याशिवाय मासे ऐकू येत नाहीत. कोणाला वजा केलं तेही ती प्रामाणिकपणे सांगते. पोरं पाण्यात कुठे गेली ते कळावं म्हणून आईबापांच्या आग्रहावरून ही सोय ठेवलेली आहे.

हे सगळं मला कलिओपीने सांगितलं. ती तिथली मास्क भाड्याने देणारी बाई. शिक्षणाने सागरी जीवशास्त्रज्ञ, हे यंत्र बनवणाऱ्यांपैकीच एक, पण मासे गेल्यावर जीवशास्त्रज्ञांनी तरी काय करायचं? तिने आमच्यापुढे दोन नळ्या ठेवल्या आणि थुंका म्हणाली.

"थुकूचा? सगळ्यांदेखत?" आई म्हणाली. "आणि माझा काय काम? मी काय पान्यात जातंय?"

"पाय तरी बुडवशील ना," मी म्हटलं. "थुंक."

आई थुंकली, पण तोंडावर पदर धरून. कलिओपीला तो काहीतरी धार्मिक विधी वाटला असावा, कारण तिने अदबीने मान खाली घातली.

आता आम्ही तिथे कशा गेलो ते. आई वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात जन्मभर गर सोलत होती. ती घरी बसली तेव्हा मी विचारलं, कुठे फिरायला नेऊ? माझं कोल्हापुरात चष्म्याचं दुकान आहे, बरं चालतं. मला वाटलं काशी म्हणेल, फार तर काश्मीर. ती म्हणाली, "ह्यांचा जहाज होता थंय."

माझे वडील, महेंद्र केळुसकर, मालवाहू जहाजाच्या इंजिनावर मोटरमन होते. मी अकरा वर्षांची असताना याच समुद्रात, क्रीटच्या दक्षिणेला, एका सकाळी ते जहाजावर सापडले नाहीत. कंपनीने कळवलं, पाण्यात पडले असावेत. त्या 'असावेत'वर आमचं घर पुढची बावीस वर्षं चाललं. गावात वेगळंच बोलत. जहाजावरून पळून परदेशात राहिलेली माणसं आमच्याकडे घरोघर माहीत असतात. "महेंद्र थंयच बायल करून ऱ्हवलो," असं माझ्या कानावर शाळेच्या वाटेवर पडलेलं आहे. बारा वर्षं झाल्यावर काकांनी भटजींना विचारून दर्भाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली. अशा माणसाचं असंच करतात. आई सगळ्या विधीला हजर होती. रडली मात्र नाही, आणि त्यावरूनही गावात बोलणं झालंच.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं; फिरायला गेली असेल म्हणून मी पुन्हा झोपले. त्याच दिवशी पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा मला बरं वाटलं. खाली गवताची कुरणं होती, एक-दोन चुकार मासे होते, आणि कानात हुंगणी बोलत होती. ऑक्टोपस, काल दुपारी. पोपटमासा, आज. सील, आज पहाटे. मग तिने त्याच स्वरात सांगितलं, "वगळलेल्या व्यक्ती: वापरकर्ती. आई. वडील."

मी उभी राहायला गेले. खाली पाय टेकायला काही नव्हतं, म्हणून खारं पाणी प्यायले. पुन्हा मास्क लावून ऐकलं. वापरकर्ती, आई, वडील.

कलिओपीकडे गेले तेव्हा ती सवयीने हसली. मी म्हटलं, "माझे वडील बावीस वर्षांपूर्वी वारले. तुमचं यंत्र बिघडलंय."

तिने ते आणखी एका यंत्राला लावून बघितलं आणि तिचं हसू गेलं. "वडिलांच्या बाबतीत ते चुकत नाही," ती म्हणाली. "तुमच्यातलं अर्धं तुमच्या आईचं आहे. त्यांची थुंकी माझ्याकडे आहे. तेवढं बाजूला काढलं, की उरलं ते अर्धं वडिलांचं. ते अर्धं सगळंच्या सगळं ज्याच्याकडे आहे असा जगात एकच पुरुष असतो."

"आणि पाण्यात ते किती टिकतं?"

"या उन्हात? दोन दिवस म्हणजे फार झाले."

मला आनंद झाला नाही. राग आला. मेलेला बाप आमचा होता. जिवंत असेल तर तो आम्हाला टाकून गेलेला होता. शाळेच्या वाटेवरच्या बाया खऱ्या ठरत होत्या आणि आईची बावीस वर्षं फुकट जात होती. तो मेलेलाच असावा असं मला वाटत होतं, आणि मुलीला असं वाटणं बरं नाही हेही कळत होतं.

आईला काही सांगितलं नाही. ती मात्र भलतीच खुशीत होती. प्रवासभर गप्प बसलेली बाई आता खानावळीतल्या म्हाताऱ्याशी खुणांनी बोलत होती, तळलेलं चीज दोनदा मागून घेत होती. "तू जेवलंस काय नीट? तोंड कित्याक असा केलंहस?" असं मलाच विचारत होती. मी म्हटलं, ऊन लागलं.

दोन दिवस मी म्हातारे बघत फिरले. पाण्यात पोहणारे, खुर्चीत पेंगणारे, मांजरांना खायला घालणारे. डोळे, कान, चालण्याची ढब. माझ्या आठवणीतला बाप चाळिशीचा होता. साठीपलीकडचा कसा दिसेल ते मला ठरवताच येईना. खानावळवाल्याला विचारलं, इकडे कोणी वयस्क भारतीय आहे का? तो म्हणाला, डोंगराच्या पलीकडे टोमॅटोची हरितगृहं आहेत, तिथे एक जण पंप दुरुस्त करतो. इंजिनाच्या कामात हुशार. पूर्वी जहाजावर होता म्हणे.

तिथपर्यंत चढून जाताना मी भांडण तयार केलं. पहिलं वाक्य काय, दुसरं काय. प्लास्टिकच्या त्या लांबच लांब मांडवात एक माणूस पाठमोरा बसून पाना फिरवत होता. मान बारीक, केस पांढरे. मी "पपा" म्हणाले. ठरवलेल्या वाक्यांत ते नव्हतं.

त्याने वळून बघितलं. चेहरा परका होता. "किसको ढूँढ रही हो, बेटी?" त्याने विचारलं. तो पाकिस्तानातल्या गुजरांवालाचा होता. मी म्हटलं, किसी को नहीं. त्याने मला पाणी दिलं आणि चार टोमॅटो बांधून दिले. परतीच्या वाटेवर मी रडले. कशासाठी ते तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलिओपी आमच्या खोलीच्या दाराशी आली. मला बाहेर बोलावून तिने खालच्या आवाजात सांगितलं, "मी काल तुमच्या मास्कमधलं मूळ वाचन उघडून बघितलं. यंत्र फक्त कोण ते बघतं. किती जुनं ते बघत नाही."

मग तिने समजावलं. जिवंत माणसाच्या अंगावरून नुकत्याच निघालेल्या डीएनएचे तुकडे लांब असतात. जुन्या, वाळलेल्या डीएनएचे तुकडे आखूड होतात, आणि त्यांची टोकं एका ठरावीक रीतीने झिजतात. त्या झिजेवरून वय काढता येतं. माझ्या वडिलांचे तुकडे आखूड होते आणि टोकं पार झिजलेली होती.

"हा माणूस पाण्यात उतरलेला नाही," ती म्हणाली. "त्याची कुठली तरी जुनी वस्तू उतरली आहे. कुठेतरी कोरड्या जागी जपून ठेवलेली. आम्ही यंत्र बनवताना हे धरलंच नव्हतं. पाण्यात माणूस स्वतःच येतो असं आम्हाला वाटलं होतं."

ती गेल्यावर मी मास्क घेऊन पाण्यात गेले. हुंगणीला विचारलं की ती कमी-जास्त सांगते. किनाऱ्यालगत वडील कमी होते. मधे जास्त. पूर्वेच्या खडकांकडे आणखी जास्त. खडक जिथे पाण्यात उतरतात तिथे ती म्हणाली, "वडील: दाट." मी खाली बघितलं.

या पाण्यात काही लपत नाही. तीन-चार पुरुष खोल असेल. तळाशी गवताच्या कडेला एक गाठोडं पडलं होतं. पांढरं, निळ्या वेलबुट्टीचं. तो आमच्या घरचा उशीचा अभ्रा होता. तोंडाशी गाठ मारलेली, आणि आत धोंडा घातल्यामुळे एका बाजूला कललेला. श्वास भरून मी खाली गेले आणि हात लावून आले. वर आणला नाही. ते माझ्या मालकीचं वाटेना.

आई किनाऱ्यावर झाडाच्या सावलीत, पाण्यात पाय सोडून कलिंगड खात होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "आई, इल्याच्या दुसऱ्या दिवशी तू पहाटे खय गेल्लंस?"

"फिरूक."

"खडकावर?"

ती खायची थांबली. "कोनी सांगल्यान?"

"अभ्रो बघलंय मी."

आईने पाण्याकडे बघितलं. तिला मी ओरडेन असं वाटत होतं बहुतेक; परदेशात पाण्यात कचरा टाकला की दंड होतो हे मीच तिला विमानात सांगितलं होतं. "बुडालो मा तो?" ती म्हणाली. "धोंडो घातलेलंय. हयसर इतक्या खालचा दिसता, ह्या माका काय म्हायत? आपल्याकडे समुद्रात दिला काय दिसता काय परत?"

मग हळूहळू तिने सांगितलं. काकांनी अग्नी दिला ते गवत होतं. त्या राखेत ह्यांचं काय होतं? तिच्या मते ह्यांचं म्हणण्यासारखं घरात एकच उरलं होतं, शेवटच्या रजेत डोक्याखाली घेतलेल्या उशीचा तो अभ्रा. तो तिने कधी धुतला नाही. ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवला. त्याला खोबरेलाचा आणि ह्यांचा वास यायचा.

"मगे गेल्या पावसात काडून बघलंय," आई म्हणाली, "तर वास गेललो. काय म्हणजे काय नाय. नुसतो कपडो. म्हटलंय, आता ह्यात ते नाय ऱ्हवले. मगे घरात कित्याक ठेवूचो? खय ते गेले थंय देवचो, नि मोकळा होवचा."

मला बोलणं भाग होतं. मी तिला सगळं सांगितलं. हुंगणी पहिल्याच दिवशी काय म्हणाली, मी कोणाकोणाच्या तोंडाकडे बघत फिरले, पंपवाला, झिजलेली टोकं, सगळं. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे, ते व्हते त्यात?"

"होय."

"मशिनीन वळाखल्यान तेंका?"

"होय, आई."

कलिंगडाची फोड तिच्या हातातून वाळूत पडली. बावीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, ते तिथे पाहिलं. "माझ्या नाकाक गावले नाय ते," ती म्हणत राहिली. "माझ्या नाकाक गावले नाय, म्हणान टाकलंय."

"मी काढून आणतंय," मी म्हटलं. "आत्ता. आसा थंयच."

मी मास्क उचललाही होता. मग तिने डोळे पुसले आणि मान हलवली. "नको. दिलेला परत घेऊचा नाय." आणि थोड्या वेळाने, "पन माका आयकूचा आसा."

तेव्हा गुडघ्याच्या वर पाण्यात कधी न गेलेल्या माझ्या आईला मी साडीवरून तरंगायचं जाकीट चढवलं, माझा मास्क तिच्या तोंडाला बसवला आणि तिला ओढत खडकांपर्यंत नेलं. साडी पाण्यावर सगळीकडे पसरली होती. एका जर्मन कुटुंबाने आमच्यासाठी वाट करून दिली. आईचे दोन्ही हात माझ्या मानेत रुतलेले होते. मग अचानक ते सैल पडले. ती खाली बघत होती आणि ऐकत होती.

डोकं वर काढल्यावर तिने मास्क कपाळावर सरकवला. "वडील म्हणता ती. तिका सांग मा गो, माझे कोन ते."

"तिला रक्ताचंच कळतं, आई. तिच्या हिशेबात तू त्यांची कोणीच नाहीस."

"बरी शिकवल्यानी तिका," आई म्हणाली, आणि मास्क पुन्हा खाली ओढला.

त्यानंतर आम्ही रोज सकाळी जायचो. आई सराईत झाली. जाकीट स्वतःच चढवायची. ती पाण्यात तोंड घालून काहीबाही पुटपुटायची, तेही स्नॉर्केलच्या नळीतून वर ऐकू यायचं. काजूचा भाव. काकांनी आमच्या आवारात सरकवलेलं कुंपण. माझं दुकान. मी जरा लांब पोहायचे, ऐकू येऊ नये म्हणून. हुंगणी पहिल्या दिवशी दाट म्हणाली होती, दुसऱ्या दिवशी मध्यम. मग विरळ. ऊन आणि मीठ त्यांचं काम करत होते. माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही, पण पाण्यात तिचा हात धरलेला असताना तो नव्हता. बाप आम्हाला टाकून गेला नव्हता, किंवा गेला होता तरी आता त्याचं मला काही करायचं नव्हतं.

शनिवारी वारा नव्हता. आई तरंगत होती, मी तिच्या जाकिटाचा पट्टा धरून बाजूला होते. बराच वेळ ती हलली नाही. मग तिने मास्क काढून माझ्या हातात दिला. मी तो लावून ऐकलं. पोपटमासा, आज. सील, काल पहाटे. वगळलेल्या व्यक्ती: वापरकर्ती. आई.

मी थांबले. हुंगणी पुढे काही बोलली नाही.

"गेले," आई म्हणाली.

घरात माणूस जातो तेव्हा उशाशी बसलेली बाई बाहेरच्यांना जसं सांगते, तसं तिने ते सांगितलं. मी तिला किनाऱ्यावर आणलं. तिथे पर्यटकांना अंगावरचं मीठ धुवायला उघड्यावर एक शॉवर आहे. आई साडीसकट त्याच्याखाली उभी राहिली आणि डोक्यावरून आंघोळ केली. मग मला हाताला धरून आत ओढलं आणि माझ्याही डोक्यावर पाणी घेतलं. माझे वडील त्या सकाळी वारले. मागे ते जर्मन कुटुंब रांगेत उभं होतं, आणि आमचं होईपर्यंत त्यांच्यातलं कोणी पुढे सरकलं नाही.